वर्ध्याचा चालू वर्तमानकाळ

इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थाशी गाठ पडते. हा गृहस्थ रोज सकाळी सहाला उठतो. दात घासतो, आंघोळ करतो, साडेसातला न्याहारी करतो, आठची बस पकडतो, पाचला घरी येतो, संध्याकाळी बॅडमिंटन खेळतो आणि दहाच्या ठोक्याला झोपतो. त्याच्याकडे अवेळी पाहुणे टपकत नाहीत. त्याची म्हैस ऐन सकाळी अडत नाही. त्याच्या गावची लाइन जात नाही. आणि आठची बस तो आठलाच पकडतो, म्हणजे ती आठला आलेली असते. वर्धा जिल्ह्यातल्या पोट्ट्यांचा या गृहस्थावरचा विश्वास उडतो तो इथे. दात घासण्यापर्यंत त्यांनी त्याला सांभाळून घेतलेलं असतं.

गंमत म्हणजे ही असली मिळमिळीत वाक्यं रचणारी माणसं स्वतः मिळमिळीत नव्हती. ज्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकानं आपल्या बापजाद्यांना घाम फोडला, त्या रेन आणि मार्टिन जोडीतले रेनसाहेब एके काळी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते. जगात त्यांचं नाव झालं ते 1924 च्या 'बो जेस्ट' या कादंबरीमुळे. फ्रेंचांची परदेशी पलटण, वाळवंट, बंदुका, बेइमानी, सगळं तिच्यात आहे. कादंबरीत इतका धुमाकूळ घालणारा माणूस व्याकरणाकडे वळला की मात्र सगळ्यांना वेळेवर उठवतो आणि वेळेवर झोपवतो.

साहेबाच्या डोक्यात वर्तमानकाळाचे दोन कप्पे पक्के आहेत. रोजची सवय असेल तर 'आय गो', आत्ता या घडीला चाललं असेल तर 'आय ॲम गोइंग'. आपल्या शाळेच्या व्याकरणातही सवयीसाठी रीती वर्तमानकाळ नावाचा वेगळा खण असतो, 'मी जात असतो' वगैरे. पण तो दोन मार्कांपुरता. पेपर दिला की तो खण कायमचा बंद. एरवी 'मी शाळेत जातो' एवढ्यातच आपण रोजचं जाणं, आत्ताचं जाणं आणि उद्याची थाप, तिन्ही बसवतो.

वर्धेकर याच्याही पुढे गेला. त्यानं सगळ्यालाच चालू वर्तमानकाळ लावून टाकला. 'करतो' नाही, 'करतोय' नाही, 'करून रायलो'. पाऊस येऊन रायला. सोयाबीनचे भाव पडून रायले. पोरगी लग्नाची होऊन रायली. 'मला वाटतं' म्हणून पुण्याचा माणूस मत देऊन मोकळा होतो. आमच्याकडे 'मले वाटून रायलं', म्हणजे मत अजून चुलीवर आहे, उतरवलेलं नाही, उद्या विचाराल तर बदललेलं असेल.

या काळाचा सगळ्यात पुढारलेला नमुना फोनवर ऐकायला मिळतो.

"कुठं आहेस बे?"

"येऊन रायलो ना भौ."

मागे नळाखाली बादली भरल्याचा आवाज येत असतो. येऊन रायलो म्हणजे काय, तर आंघोळ व्हायची आहे, पँट वाळायची आहे, गाडीत पेट्रोल नाही आणि गाडीही चुलत भावानं नेली आहे. पण मनानं माणूस निघालेला आहे. पुण्याचा माणूस 'निघतोच आहे' म्हणतो, त्यात निदान निघणं शिल्लक असल्याची कबुली असते. आमचा माणूस निघण्याची पायरीच गाळतो आणि थेट येण्यावर जातो. तुम्ही चिडून पुन्हा फोन केला तर उत्तर येतं, "अरे, पोचूनच रायलो!" आणि बादली अजून भरलेली नसते.

आता अशा माणसाला इंग्रजीच्या वर्गात बसवलं तर काय होणार? तो 'आयएनजी'वर झडप घालतो. आयुष्यभर आपण जे बोलत आलो त्याला इंग्रजीत सरकारमान्य शेपूट आहे, हे कळल्यावर त्याला कोण आनंद होतो! आय ॲम नोइंग. आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स. शी इज वाँटिंग मोबाइल. सर कासावीस होतात. आर्वी नाक्याच्या आसपासच्या अशाच एका वर्गात मागच्या बाकावर बसून मी हा संवाद ऐकला. सर सांगत होते की नो, वाँट, लव्ह, अंडरस्टँड असल्या क्रियापदांना आयएनजी लागत नाही; या मनाच्या अवस्था आहेत, क्रिया नव्हेत. सेलूकडचा एक पोट्टा उभा राहिला.

"सर, 'मले समजून नाई रायलं' हे कसं म्हणाचं?"

"आय डोन्ट अंडरस्टँड."

"पण सर, त्याचा अर्थ तर मले कधीच समजत नाई असा झाला. तुम्हीच सांगतलं ना, साधा म्हणजे रोजचं. मले रोज समजते. आज समजून नाई रायलं."

सरांनी खडू खाली ठेवला. माझ्या मते त्या दिवशी व्याकरण त्या पोट्ट्याच्या बाजूनं होतं. सरांनी "मोठा झाल्यावर समजेल" असं सांगून विषय मिटवला, आणि त्यासाठी मात्र मराठीच वापरली.

हा आयएनजीचा सोस काही एकट्या वऱ्हाड-नागपूरचा नाही, सगळ्या देशाचा आहे. मुंबईचे कवी निस्सिम इझिकेल यांनी त्यावर खास कविताच रचल्या. 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही त्यातली एक, कॉलेजात ती शिकवताना प्राध्यापकही हसतात आणि तास संपल्यावर बाहेर येऊन 'आय ॲम हॅविंग लेक्चर नाऊ' म्हणतात. आणि साहेबाचं तरी काय सांगावं? मॅकडोनाल्ड्सनं 2003 मध्ये 'आय ॲम लव्हिंग इट' अशी जगभर दवंडी पिटली. लव्हला आयएनजी! वर्ध्याच्या पोरानं लावला तर अर्धा मार्क कापतात, बर्गरवाल्यानं लावला तर जाहिरात होते.

त्यापेक्षा विचित्र ती एसची भानगड. मराठीत मी जातो, मी जाते, तू जातोस, ती जाते, ते जातात. क्रियापद दर माणसामागे कपडे बदलतं आणि आपण ते न अडखळता निभावतो. इंग्रजीत ही, शी, इट आले की एक एस लावायचा, बाकी काही करायचं नाही. नेमका तोच एक विसरतो. याचं कारण मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

वर्धा जिल्ह्यात अस्सल साध्या वर्तमानकाळात जगलेला माणूस मला एकच दिसतो, आणि तोही मूळचा इथला नव्हता. 1936 च्या एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव नावाच्या खेड्यात राहायला आले. त्यांची पत्रं रेल्वेलाइनवरच्या गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली, म्हणून 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम केलं. या म्हाताऱ्याचा दिनक्रम म्हणजे इंग्रजीच्या पाठाला तयार मजकूर. पहाटे चारला उठतो. प्रार्थना करतो. चालायला जातो. सूत काततो. कमरेला इंगरसोलचं घड्याळ लटकवतो आणि त्याच्याकडे बघत बघत भेटायला आलेल्याला उठवतो. त्यात सोमवारी मौन. 'ही डझ नॉट स्पीक ऑन मंडेज.' नकारार्थी साध्या वर्तमानकाळाचं याहून चोख उदाहरण जगात नसेल, पण पाठ्यपुस्तकवाले अजूनही 'ही डझ नॉट लाइक कॅबेज'वर अडलेले आहेत.

आसपासच्या गावांनी त्या घड्याळाला नमस्कार केला, कमरेला मात्र कोणी लावलं नाही.

आणि याच माणसानं इंग्रजीचं काय केलं? 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिथून नई तालीम निघाली: सात वर्षांचं शिक्षण मातृभाषेतून, हाताला उद्योग, झाकिर हुसेन समितीनं अभ्यासक्रम आखला आणि त्यात इंग्रजीला जागाच ठेवली नाही. लहान पोरांच्या डोक्यावर इंग्रजीचं ओझं नको, हे गांधीजींनी देशाला पटवलं ते 'हरिजन' साप्ताहिकातून, इंग्रजीत. पुढे 2000 साली महाराष्ट्र सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणली. आता त्याच वर्ध्यात जिथे नजर टाकाल तिथे 'फाडफाड इंग्रजी'च्या पाट्या आहेत. फाडफाड हा शब्द मात्र इंग्रजीलाच लावतात. फाडफाड संस्कृत शिकवणारा अजून कोणी निघालेला नाही.

दिनक्रमाच्या पाठात काळ एक वेळ जमतो, फजिती होते शब्दांची. पुस्तकातल्या घरात टेबल मांडतात, कुत्र्याला फिरवायला नेतात, गवत कापतात. आमच्या गावात कुत्रं स्वतःचं स्वतः फिरतं आणि रात्री माणसाला फिरवतं. गवत कापतात, पण ते म्हशीसाठी, आणि डोक्यावर भारा घेऊन येतात.

आर्वी नाक्याच्या त्याच वर्गात हिंगणीकडची एक पोरगी होती. नर्सिंग झालेलं, पुण्याच्या दवाखान्यात मुलाखतीला जायचं होतं. सर म्हणाले, घरच्यांचा दिवस सांग. तिनं छान सुरुवात केली. 'माय मदर गेट्स अप ॲट हाफ पास्ट फोर.' एस आला, सर खूश.

"पुढे?"

"सडा टाकते, सर. सड्याला काय म्हणतात?"

सरांनी क्षणभर विचार केला. "शी स्प्रिंकल्स वॉटर."

"नुसतं पाणी नाई ना सर, शेणाचं."

'शी स्प्रिंकल्स काऊ-डंग वॉटर इन फ्रंट ऑफ द हाऊस.' वाक्याला नाव ठेवायला जागा नाही. पण दवाखान्याच्या मुलाखतीत, स्वच्छतेचा प्रश्न यायच्या आधी, हे वाक्य टाकावं की नाही यावर वर्गात दोन तट पडले. अखेर आईला थेट स्वयंपाकघरात नेऊन हा पेच सोडवला.

मग वडील आले. वडील काही उठत नव्हते, कारण ते झोपलेच नव्हते. कृषिपंपाची लाइन आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बुढा टॉर्च घेऊन ओलिताला वावरात. पुढच्या आठवड्यात पाळी फिरते, मग तो दिवसा भिजवतो. म्हणजे या माणसाची सवय महावितरण ठरवतं. साध्या वर्तमानकाळात त्याला बसवायचं तर वाक्याखाली 'पुढील सूचनेपर्यंत' असं लिहावं लागेल. हरभरा मोठा झाला की ओलिताच्या जोडीला जागल. रानडुक्कर आणि रोही एका रात्रीत वावर साफ करतात, म्हणून माणूस मचाणावर बसून डबा बडवतो आणि ओरडतो. पोरगीनं शब्दांची जुळवाजुळव केली आणि एका दमात म्हणाली, 'ॲट नाइट माय फादर शाऊट्स ॲट पिग्ज.'

शाऊट्सला एस होता. क्रम बरोबर होता. व्याकरणात तिळभर चूक नव्हती. सरांनी रुमाल तोंडाला लावला.

"आणि सर," ती पुढे म्हणाली, "समटाइम्स ही डझ नॉट शाऊट."

"का गं?"

"आमचं वावर बोरच्या जंगलाला लागून आहे ना सर. वाघ असला की बाबा गप बसते."

बोर व्याघ्र प्रकल्प 2014 मध्ये झाला. 'समटाइम्स' या शब्दाला इतकं वजन असतं हे मला त्या दिवशी समजलं.

दिनक्रम आटोपला की पुस्तक फावल्या वेळाकडे वळतं. हॉबीज. इथे सगळा देश एकाच यादीवर भागवतो: रीडिंग, म्युझिक, गार्डनिंग, स्विमिंग, ट्रॅव्हलिंग. ज्यानं दहावीनंतर पुस्तक उघडलेलं नाही तो रीडिंग लिहितो. विहिरीत उडी मारून पोहायला शिकलेला मात्र स्विमिंग लिहीत नाही, कारण त्याच्या लेखी ते अंग धुणं. रोज वर्धा-नागपूर अप-डाऊन करणारा, दारात उभ्यानं आयुष्य काढणारा माणूसही ट्रॅव्हलिंग लिहायला कचरतो. सगळ्यात मजेचं ते गार्डनिंग. बापाची पाच एकर पराटी, ती धंदा. पोरानं मागच्या आंगणात चार रोपं लावली, ती हॉबी. फरक एवढाच की हॉबीत तोटा येत नाही आणि तिला बोंडअळी लागत नाही.

थोरांनाही ही यादी पुरली नसती. पवनारचे विनोबा 1951 मध्ये निघाले आणि भूदानासाठी वर्षानुवर्षं पायी हिंडले. त्यांच्या अर्जात काय, 'हॉबी : वॉकिंग'? गांधीजींची 'स्पिनिंग', आजच्या नागपूरच्या जिमवाल्यानं ती वाचली तर त्यांना जागच्या जागी पळणाऱ्या सायकलवर बसवील.

आमचा खरा फावला वेळ पानठेल्यावर जातो, आणि त्याला इंग्रजीत शब्द नाही. खर्ऱ्याचीच गोष्ट घ्या. सुपारीचा बारीक चुरा, तंबाखू, चुना, सगळं पन्नीत बांधायचं आणि ठेलेवाला ते घोटतो, घोटतो, घोटतच राहतो. ही वस्तू घातक आहे, बंदीही आहे, तोंडाचे कर्करोग झालेली माणसं या भागात घरोघर ओळखीची आहेत. तरी गिऱ्हाईक उभंच. त्या घोटण्याच्या वेळात पाऊस, कापूस, निवडणूक, शेजाऱ्याची फारकत, सगळं निकालात निघतं. आता या उभ्या माणसाला कोणता काळ लावाल? आत्ता उभा आहे म्हणून 'इज स्टँडिंग'. रोज उभा असतो म्हणून 'स्टँड्स'. सकाळपासून उभा आहे म्हणून 'हॅज बीन स्टँडिंग'. तिन्ही खरे. एकाच माणसात वर्तमानकाळाचे इतके प्रकार कुठल्याही पुस्तकात सापडणार नाहीत.

विलायती पुस्तकांत फावला वेळ दुसरीकडे जातो. 'वुई गो टू द पब ऑन फ्रायडेज.' वर्धा जिल्ह्यात जवळपास पाच दशकं दारूबंदी आहे. त्यामुळे हे वाक्य आमच्याकडे व्याकरणानं शुद्ध आणि कायद्यानं गुन्हा. त्याच पाठात ऑलवेज, ऑफन, समटाइम्स, नेव्हर शिकवतात आणि घोकायला प्रश्न असतो, 'हाऊ ऑफन डू यू ड्रिंक?' सगळा वर्ग एका सुरात 'नेव्हर' म्हणतो. जिल्ह्याबाहेरचा एखादाच प्रामाणिक विद्यार्थी 'समटाइम्स' म्हणतो, आणि बाकीचे त्याच्याकडे कौतुकानं पाहतात. पुस्तकात दुपारी टेनिसही खेळतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना वर्ध्यात दुपारी फक्त कूलर चालतो.

साध्या वर्तमानकाळाचा आणखी एक नियम आहे: ठरलेलं वेळापत्रक उद्याचं असलं तरी याच काळात सांगायचं. 'द ट्रेन लीव्हज ॲट फाइव्ह.' हा नियम ज्यानं केला त्याच्या देशात गाड्या सुटत असाव्यात. आमच्याकडे पुलगाव ते आर्वी अरुंद रुळांवरची गाडी होती. ती आता धावत नाही, 'डझ नॉट रन', आणि यात मात्र ती एकही दिवस चुकत नाही. दुसरीकडे वर्धा-यवतमाळ-नांदेड ही 284 किलोमीटरची लाइन. तिचा वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. पुढचं विचाराल तर कोणीही सांगेल, होऊन रायली. रेल्वेच्या कामाला इतका चपखल काळ इंग्रजांकडे नाही, त्यांना तिथे 'इज बीइंग बिल्ट' असे तीन शब्द जोडावे लागतात.

एका काळात मात्र वर्ध्याची पोरं पहिल्याच दिवशी पैकीच्या पैकी घेतात. 'आय हॅव बीन वेटिंग.' पूर्वी सुरू झालं, अजून चालू आहे, संपायचं चिन्ह नाही, अशा गोष्टींसाठीचा हा काळ. सरांनी वाक्यं बनवायला सांगितली, तर पीकविमा, नुकसानभरपाई, भरतीचा निकाल, कोर्टाची तारीख, धडाधड आली. 'सिन्स' आणि 'फॉर' यांत देशभर गोंधळ होतो; इथे सगळ्यांना साल तोंडपाठ होतं.

तर वर्ध्याकडे इंग्रजीचा वर्ग लावायचा असेल तर कापसाची वेचणी आटोपल्यावर, फेब्रुवारीत लावा. तेव्हा हातात दोन पैसे असतात आणि वावरात काम नसतं. चौकशीला गेलात आणि 'बॅच सुरू होऊन रायली' असं उत्तर मिळालं, तर समजा की तुम्ही पहिलेच आहात. सगळी फी एकदम भरू नका.